रायगडावरील इंग्रज साक्षीदार : एका इंग्रजी साधनाचे परीक्षण

इतिहासाच्या इंग्रजी साधनांविषयी आपल्या सुशिक्षित समाजात दोन वृत्ती दिसून येतात. पहिली वृत्ती अशी की, कागद इंग्रजाचा आहे, त्यावर तारीख आहे, सही आहे, तो घटनेच्या वेळीच लिहिलेला आहे, तेव्हा त्यातील प्रत्येक अक्षर प्रमाण मानावे. दुसरी वृत्ती अशी की, कागद इंग्रजाचा, म्हणजे परक्याचा, व्यापाऱ्याचा, प्रसंगी शत्रूचाही. तेव्हा त्यातील आपल्या अभिमानास पोषक तेवढे घ्यावे व बाकीचे द्वेषमूलक म्हणून टाकून द्यावे. ह्या दोन वृत्ती एकमेकींच्या विरुद्ध भासतात खऱ्या. परंतु त्यांच्या मुळाशी एकच दोष आहे. दोन्ही पक्ष साक्षीदाराची उलटतपासणी करण्यापूर्वीच निकाल देऊन मोकळे होतात. न्यायासनापुढे आलेला साक्षीदार कोणत्या जातीचा अथवा कोणत्या देशाचा, हा प्रश्न गौण होय. तो कोठे उभा होता, त्यास काय दिसणे शक्य होते, जे दिसले नाही ते त्यास कोणी सांगितले, आणि सांगताना त्याचा हितसंबंध कोणता होता, हे प्रश्न मुख्य होत.

साधनाचे रीतसर परीक्षण म्हणजे ह्याच प्रश्नांची क्रमवार उत्तरे लिहिणे. १८९८ साली पॅरिसमध्ये लांगल्वा व सेन्योबोस ह्या दोन अध्यापकांनी इतिहासाभ्यासाच्या पद्धतीवर एक ग्रंथ लिहून साधनाची बाह्य व आंतर अशी दुहेरी तपासणी कशी करावी हे सांगितले. आणि योगायोग असा की, त्याच वर्षी राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ ह्या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. त्यापूर्वी तीस वर्षे नीळकंठ जनार्दन कीर्तने ह्यांनी ग्रँट डफच्या इतिहासावर टीका लिहून, इंग्रज ग्रंथकाराने आपली साधने कशी वापरली हा प्रश्न मराठीतून उघडपणे विचारला होता. म्हणजे ही विद्या आपणास अगदीच परकी नव्हे. तरी आजही आपले विद्यार्थी इंग्रजी साधनाचे परीक्षण इंग्रजीत लिहावयास बसले की, बहुधा त्या साधनाचा गोषवारा देतात व शेवटी स्तुतीची अथवा निंदेची चार वाक्ये जोडतात. गोषवारा म्हणजे परीक्षण नव्हे, आणि स्तुतिनिंदा तर मुळीच नव्हे. हा भेद नुसत्या व्याख्येने पटत नाही. म्हणून येथे एकच साधन घेऊन ते शेवटपर्यंत तपासून पाहण्याचे योजिले आहे.

ते साधन म्हणजे हेन्री ऑक्झिंडन ह्याने लिहिलेला रायगडच्या वकिलातीचा वृत्तान्त. १६७४ च्या मे महिन्यात मुंबईहून ईस्ट इंडिया कंपनीच्या वतीने हा गृहस्थ शिवाजी महाराजांच्या भेटीस निघाला. सुरतेचा प्रेसिडेंट व मुंबईचा गव्हर्नर ह्या दोन्ही जागा त्या वेळी जेराल्ड आंजियर ह्याच्याकडे होत्या व वकिलात त्याच्या आज्ञेने गेली होती. ऑक्झिंडन गडाखाली पाचाडास पोहोचला तेव्हा महाराज प्रतापगडच्या भवानीच्या दर्शनास गेलेले होते; ते परतल्यावर इंग्रजांस गडावर घेण्यात आले. पुढे काही दिवस तेथे राहून त्याने बोलणी केली, राज्याभिषेकाच्या दिवशी दरबारात नजराणा दिला, आणि जे केले, पाहिले व ऐकले ते दिवसाच्या क्रमाने लिहून ठेवले. कंपनीच्या दप्तरातील हे व इतर कागद १९३१ साली पुण्याच्या शिवचरित्र कार्यालयाने इंग्रजी साधनांच्या संग्रहात छापले, त्यामुळे ते सामान्य अभ्यासकाच्याही हाती आले.

परीक्षणाचे पहिले पाऊल म्हणजे साक्षीदार किती हे मोजणे. रायगडच्या ह्या प्रसंगाचे वर्णन जॉन फ्रायर ह्या कंपनीच्या डॉक्टराच्या प्रवासग्रंथातही आहे. तो ग्रंथ १६९८ साली लंडनमध्ये निघाला व पुष्कळ वाचला गेला. दोन इंग्रज एकच गोष्ट सांगतात, तेव्हा ती दुप्पट बळकट झाली, असे एखाद्यास वाटेल. परंतु फ्रायर ह्या वकिलातीबरोबर रायगडावर गेलेला नव्हता. ती माहिती त्यास वकिलातीकडूनच मिळालेली आहे. अर्थात येथे साक्षीदार दोन नसून एकच आहे, आणि दुसरा त्याचा प्रतिध्वनी होय. पुढच्या काळातील इंग्रज इतिहासकारांनी हीच हकीकत उचलली, म्हणून साक्षीदारांची संख्या वाढली असे होत नाही. एकाच विहिरीचे पाणी दहा घागरींत भरले तरी विहिरी दहा होत नाहीत.

दुसरे पाऊल काळाचे. ऑक्झिंडन राज्याभिषेकाची तारीख ६ जून १६७४ अशी देतो. ही तारीख इंग्रजांच्या जुन्या, म्हणजे ज्युलियन, पंचांगाची आहे. इंग्लंडने नवे ग्रेगोरियन पंचांग १७५२ साली स्वीकारले. पोर्तुगीजांनी ते १५८२ सालीच स्वीकारले होते. सतराव्या शतकात ह्या दोन पंचांगांत दहा दिवसांचे अंतर असल्यामुळे मुंबईचा इंग्रज ज्या दिवसास ६ जून म्हणे, त्याच दिवसास गोव्याचा पोर्तुगीज १६ जून म्हणे. हे ध्यानात न ठेवता दोन दप्तरांतील कागद शेजारी ठेवले, तर एकाच दिवसाच्या दोन घटना दहा दिवसांच्या अंतराने घडल्याचा भास होईल. आज ६ जूनला व तिथीप्रमाणेही रायगडावर उत्सव होतो. त्यातील पहिली तारीख जुन्या पंचांगाची आहे हे पुष्कळांस ठाऊक नसते.

परंतु याहून सूक्ष्म असा एक प्रश्न आहे. जेधे शकावलीत महाराज सिंहासनावर बसल्याची वेळ दिली आहे. ती शके १५९६, ज्येष्ठ शुद्ध १२, शुक्रवार, तीन घटिका रात्र उरली तेव्हाची. ऑक्झिंडनची ६ जून मात्र शनिवारी येते. मग खरे कोण? उतावळा वाचक दोघांपैकी एकास खोटे ठरवील. वस्तुतः दोघेही खरे आहेत. आपल्या पंचांगात वार सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत चालतो. इंग्रजांचा दिवस मध्यरात्रीस पालटतो. शुक्रवारची तीन घटिका रात्र उरली, म्हणजे सूर्योदयास सुमारे ७२ मिनिटे अवकाश होता. त्या वेळी इंग्रजांच्या हिशेबाने शनिवार केव्हाच लागलेला होता. तिथीच्या आकड्यात बाराव्या व तेराव्याचा जो घोळ दिसतो, त्याचेही मूळ पुष्कळसे ह्या पहाटेच्या संधिकाळातच आहे. एकमेकांची ओळख नसलेले, भाषा, धर्म व कालगणना ह्या सर्वांत भिन्न असलेले दोन लेखक अशा रीतीने एका पहाटेपाशी येऊन मिळतात. साधनांच्या तपासणीत ह्याहून समाधानकारक क्षण विरळा.

ह्याच मेळातून साधनाची मर्यादाही उघड होते. ऑक्झिंडन लिहितो की, तो सकाळी सात-आठच्या सुमारास दरबारात गेला. अर्थात अभिषेकाचे मंत्र, कलशोदकाचे स्नान व सिंहासनारोहण हा विधी आटोपून दोन-तीन घटकांहून अधिक काळ लोटला होता. त्याने पाहिला तो दरबार होय, अभिषेक नव्हे. तेव्हा ‘राज्याभिषेकाचा प्रत्यक्षदर्शी इंग्रज’ असे जे आपण सरसकट म्हणतो, ते शब्दशः खरे नाही. विधीसंबंधाने तो मौन धरून असेल, तर त्या मौनावरून काहीही सिद्ध होत नाही. साक्षीदार ज्या ठिकाणी नव्हताच, तेथील त्याचे मौन हा पुरावा नव्हे. त्याच वर्षाच्या सप्टेंबरात निश्चलपुरीच्या सांगण्यावरून महाराजांनी तांत्रिक पद्धतीचा दुसरा अभिषेक करविला, त्याविषयी जूनमधील वृत्तान्ताकडून अपेक्षा करणे जितके व्यर्थ, तितकेच हेही.

तिसरे पाऊल, पाहिलेले आणि लाविलेला अर्थ ह्यांची फारकत करणे. ऑक्झिंडनने सिंहासनाच्या दोन बाजूंस सोन्याचा मुलामा दिलेल्या भाल्यांच्या टोकांवर राजचिन्हे पाहिली. उजवीकडे मोठ्या दातांची सुवर्णाची मत्स्यमुखे, डावीकडे घोड्यांची पुच्छे, आणि एका मौल्यवान भाल्यावर समतोल अशी सोन्याची तराजू. ही पद्धत मुसलमानी दरबारांची आहे असे तो म्हणतो, आणि तराजू हे न्यायाचे चिन्ह असे सांगतो. येथे लेखणी थांबवून विचारावे की, ह्यात डोळ्यांनी सांगितलेले किती व बुद्धीने भरलेले किती? मत्स्यमुखे, पुच्छे व तराजू ही पाहिलेली होत. ‘न्यायाचे चिन्ह’ हा अर्थ होय. आणि न्यायदेवतेच्या हाती तराजू पाहण्याची सवय युरोपियनास लहानपणापासून असते हे विसरता कामा नये. अर्थ चुकीचा आहे असे नव्हे. तो बरोबर असण्याचा संभव मोठा आहे. परंतु तो त्यास कोणी सांगितला की त्याने स्वतः योजिला, हे परीक्षणात नोंदविलेच पाहिजे.

ह्याच वर्णनाचे मोल मात्र कमी लेखू नये. मत्स्यचिन्ह हे मोगल दरबारी माहीमरातब म्हणून मोठ्या मानाचे समजले जाई, आणि अश्वपुच्छांचे निशाण तुर्की परंपरेतले. वैदिक मंत्रांनी अभिषिक्त झालेल्या राजाच्या सिंहासनापाशी ही चिन्हे उभी होती, ह्याचा अर्थ असा की, नवा छत्रपती आपले सार्वभौमत्व दोन भाषांत एकदम घोषित करीत होता. काशीच्या पंडितांस समजेल अशा भाषेत, आणि दिल्ली-विजापूरच्या दरबारांस समजेल अशाही भाषेत. ही गोष्ट इंग्रज पाहुण्याने सिद्ध करण्यासाठी लिहिलेली नाही. त्यास ती दिसली म्हणून लिहिली. साक्षीदाराने सहज सांगितलेली गोष्ट हेतुपूर्वक सांगितलेल्या गोष्टीपेक्षा पुष्कळदा अधिक विश्वासार्ह असते. राजवाड्याच्या दारापुढे दोन लहान हत्ती व सोन्याच्या साजाचे दोन घोडे पाहून, असल्या बिकट गडावर ही जनावरे चढविली तरी कशी, असे आश्चर्य तो व्यक्त करतो. त्या आश्चर्यात कंपनीचा काडीइतकाही लाभ नव्हता. म्हणूनच ते खरे वाटते.

चौथे पाऊल आकड्यांचे. महाराजांची सुवर्णतुळा झाली व ती सुमारे १६,००० होनांची भरली, आणि ह्या रकमेत आणखी एक लक्ष होन घालून ते ब्राह्मणांस वाटावयाचे आहेत, असे ऑक्झिंडन लिहितो. तुळा त्याने स्वतः पाहिली की ऐकली, हा प्रश्न बाजूस ठेवला तरी आकडा तपासता येतो. एक होन सुमारे ३.४ ग्रॅम वजनाचा धरला, तर १६,००० होनांचे वजन सुमारे ५४ किलो होते. बांधेसूद, काटक अशा पुरुषाचे हे वजन असणे पूर्णपणे शक्य आहे. आकडा निसर्गाच्या मर्यादेत बसतो. ह्याच्या उलट सभासदाच्या बखरीत सिंहासन बत्तीस मण सोन्याचे व एकंदर खर्च एक कोट बेचाळीस लक्ष होन असे आकडे आहेत. सभासद हा महाराजांच्या पदरचा, परंतु त्याने बखर लिहिली ती पुढे सुमारे वीस वर्षांनी, जिंजीस, राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून, राज्य संकटात असताना. तेव्हा गतवैभवाचे स्मरण करून देणे हेही त्या लेखनाचे एक कार्य होते. मणाचे माप कोणते धरावे ह्यावर सोन्याचे वजन कित्येक पटींनी बदलते. म्हणून सभासद खोटा ठरत नाही. त्याच्या आकड्यांकडे हिशेबनीसाच्या नव्हे तर स्मरणकर्त्याच्या दृष्टीने पाहावे एवढेच ठरते.

आता इंग्रजाची चूक. राज्याभिषेकानंतर दोन दिवसांनी महाराजांनी कोणत्याही थाटावाचून चौथ्या बायकोशी लग्न केले, असे तो नोंदवितो. महाराजांच्या राण्यांची संख्या ह्याहून अधिक होती हे सुप्रसिद्ध आहे. तेव्हा ‘चौथी’ हा शब्द अंतःपुराची माहिती नसलेल्या माणसाचा आहे. शिवाय मुंज झाल्यावर विद्यमान राण्यांशीच समंत्रक विवाह झाले, असे अभ्यासक सांगतात. थाटावाचून झालेला हा विधी अशाच धार्मिक पूर्ततेपैकी असावा, असा तर्क सयुक्तिक दिसतो. परक्या पाहुण्याच्या कानी ‘लग्न’ हा शब्द पडला व त्याने तो आपल्या अर्थाने लिहून घेतला. दरबारातील वस्तूंविषयी विश्वसनीय असलेला साक्षीदार घरातील गोष्टींविषयी इतका कच्चा निघावा, ह्यात विसंगती नाही. साक्षीदार सर्वस्वी खरा अथवा सर्वस्वी खोटा नसतो. प्रत्येक विधानाची पत वेगळी ठरवावी लागते.

येथे दुभाष्याचा विचार येतो. वकिलातीबरोबर नारायण शेणवी हा दुभाषी होता, आणि बोलणी मुख्यतः निराजी पंडितांमार्फत चालली. म्हणजे महाराजांच्या तोंडचा शब्द निराजीपंतांकडून नारायण शेणव्याकडे, तेथून ऑक्झिंडनकडे व तेथून कागदावर, असा उतरत आला. इंग्रजी वाक्यात जो शब्द आज आपण वाचतो तो महाराजांचा नव्हे. असे असता कित्येक लेखक त्या वाक्यांस अवतरणचिन्हे घालून ती महाराजांची उक्ती म्हणून छापतात, हे पद्धतीस सोडून होय. दुभाष्याचे नाव ह्या कागदात टिकले हे आपले भाग्य. अशा शेकडो कागदांत ते टिकलेले नाही.

शेवटचे व सर्वांत महत्त्वाचे पाऊल हितसंबंधांचे. ऑक्झिंडन राज्याभिषेक पाहावयास आलेला नव्हता. १६६१ साली महाराजांनी राजापूर मारिले तेव्हा इंग्रजांची वखार लुटली गेली व वखारवाले कैदेत पडले. त्यास कारणही होते. आदल्या वर्षी सिद्दी जौहराने पन्हाळ्यास वेढा घातला असता ह्याच वखारीतील इंग्रजांनी गडावर तोफा डागण्यास साहाय्य केले होते. त्या लुटीची भरपाई, महाराजांच्या मुलुखात व्यापाराची मोकळीक, आणि जंजिऱ्याच्या सिद्दीशी सलोखा, ही कामे घेऊन तो आला होता. भरपाईदाखल १०,००० होन कबूल झाले. परंतु इंग्रजांचे नाणे मराठी मुलुखात चालविण्याच्या व फुटून किनाऱ्यास लागलेल्या जहाजांचा माल परत देण्याच्या कलमांस हरकत निघाली. फुटक्या जहाजाचा माल सोडणे कोकणच्या रिवाजास धरून नाही, असे उत्तर मिळाले. भरपाईच्या वसुलीविषयी इंग्रजांची कुरकूर पुढे कित्येक वर्षे चालू होती.

हा हितसंबंध ध्यानात घेतला म्हणजे दरबाराच्या प्रसंगाचा अर्थ लागतो. नारायण शेणव्याने हिऱ्याची अंगठी उंच धरली, महाराजांचे लक्ष गेले, त्यांनी इंग्रजांस सिंहासनाच्या पायथ्यापर्यंत जवळ बोलाविले व वस्त्रे दिली, असे वर्णन आहे. मुंबईच्या वरिष्ठांसाठी हे लिहिताना वकिलाचा हेतू उघड आहे. कंपनीचा मान राहिला, खर्च वाया गेला नाही. परंतु त्याच घटनेकडे रायगडावरून पाहावे. दरबारी संकेताप्रमाणे वस्त्रे देणारा वरचा व घेणारा खालचा. कंपनीच्या दप्तरात ज्याची नोंद सन्मान म्हणून झाली, तीच गोष्ट भरदरबारात एका नव्या राजाच्या पायाशी परदेशी व्यापाऱ्यांनी केलेली सलामी म्हणून सर्वांनी पाहिली. ह्या दोन्ही वाचनांची नोंद ज्या परीक्षणात नाही ते अपुरे होय.

असे परीक्षण इंग्रजीत लिहिणाऱ्यास एक विशेष सावधगिरी बाळगावी लागते, ती शब्दांची. साधनाची भाषा व परीक्षणाची भाषा एकच असली की, साधनातील शब्द नकळत आपल्या लेखणीत शिरतात. सुरतेचे इंग्रज पूर्वीच्या पत्रांतून महाराजांस बंडखोर म्हणत. हा शब्द मोगलांच्या दृष्टीचा, कारण सुरत मोगलांची व व्यापार त्यांच्या परवान्यावर चाललेला. १६७४ च्या वृत्तान्तात मात्र महाराज राजा म्हणूनच वावरतात. व्यापाऱ्याच्या शब्दातील हा बदल राज्याभिषेकाच्या परिणामाचे एक मोजमापच आहे. परंतु विद्यार्थ्याने जुना शब्द स्वतःचा म्हणून वापरला, तर तो साधनाचा परीक्षक न राहता त्याचा नकलनवीस बनतो. होनास पॅगोडा, मोरोपंतांस मोरा पंडित, रायगडास रायरी म्हणणारा कागद वाचताना प्रत्येक नाव आधी आपल्या जागी नेऊन बसवावे, आणि मगच त्याविषयी वाक्य रचावे. सिंहासनाखाली युवराज संभाजी राजे व पेशवे ह्यांच्याबरोबर एक थोर ब्राह्मण बसला होता असे ऑक्झिंडन म्हणतो. त्यास गागाभट्ट मानण्यास हरकत नाही, परंतु ते नाव साधनाने दिलेले नसून आपण दिलेले आहे, हे वाक्यात स्पष्ट झाले पाहिजे.

इतक्या तपासणीनंतर हाती काय उरते, असे कोणी विचारील. पुष्कळ उरते. दरबाराची वेळ, राजचिन्हे, तुळेचा आकडा, वाटाघाटीची कलमे व त्यांवरील हरकती, ह्या बाबतीत हा साक्षीदार भरवशाचा. विधी, अंतःपुर व मनातले हेतू ह्या बाबतीत तो ऐकीव किंवा मूक. असा निवाडा लिहिल्याने महाराजांचे थोरपण तिळमात्र कमी होत नाही. उलट ते दुसऱ्याच्या उसन्या स्तुतीवर उभे न राहता तपासलेल्या पुराव्यावर उभे राहते. ज्या राष्ट्रास आपला इतिहास प्रिय आहे, त्याने आपल्यास अनुकूल साक्षीदाराची उलटतपासणी प्रतिकूल साक्षीदारापेक्षा अधिक कसोशीने करावी. कारण प्रतिकूल साक्षीदाराची तपासणी करण्यास प्रतिपक्ष तयारच असतो. अनुकूलाची ती आपल्यावाचून दुसरे कोण करणार?